सातवा रकाना

९ फेब्रुवारी

ताई,

फोन उचलत नाहीस, निदान पाकीट तरी फोडशील म्हणून लिहितेय. पत्ता आईकडून चोरला. चोरला म्हणजे काय, तिने वही टेबलावर उघडी ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ उगाच भांडी वाजवत बसली. आपल्या दोघींपैकी कुणाचीच बाजू न घेता मदत कशी करायची, हे तिला बरोबर जमतं.

शाळेच्या भाषेत लिहितेय, हसू नकोस. घरच्या भाषेत मला बोलता येतं, भांडता येतं, शिव्या तर फारच छान देता येतात. लिहिता मात्र येत नाही. ते तुला एकटीला येतं, आणि तू ज्यांना शिकवलंस त्या मुलांना.

तुझा घरच्या भाषेतला वर्ग बंद झाला त्याला आठ महिने झाले. तू गेलीस त्याला सात. त्या दिवशी तू म्हणालीस, ‘घुमे, माझा वर्ग तू बंद केलास.’ मग दार आपटलंस. दाराचं एक राहू दे, पण वर्ग शिक्षण समितीने बंद केला. मी शिक्षण कार्यालयात तक्ते करते, तेवढंच केलं. तिसरीच्या परीक्षेत आपल्या भाषेच्या मुलांना बाकीच्यांपेक्षा बावीस गुण कमी, आणि तुझ्या शाळेत एकोणतीस कमी. हे आकडे मी घरून आणले नव्हते. तू म्हणालीस, तिसरीत नका बघू, माझी मुलं सहावीत बघा. बघितलं, ताई. मोठ्या शाळेतून यादी मागवून बघितलं. सहावीत पण तसंच होतं. तुला हेच सांगायचं होतं, तोवर दार आपटलं होतं.

खरं म्हणजे लिहायला बसले ते मिरचीबद्दल. तुझी मिरची, दुसरीतली, जी तुला ‘बाई, तुमचं चुकलं’ म्हणायची ती. आता तिसरीत साध्या वर्गात आहे. तिची आई मला बसथांब्यावर भेटली. म्हणाली, ‘पोरगी शाळेत तोंड उघडत नाही. घरी आली की डोकं खाते, शाळेत मुकी.’ मी म्हटलं, सवय होईल. ती म्हणाली, ‘आठ महिने झाले, अजून किती व्हायची सवय?’

बस आली, मी चढले. तुला उत्तर सुचलं असतं. काय करू सांग.

घुमी


२ मार्च

ताई,

कार्ड मिळालं. तीन ओळी. ‘तिला सगळ्यांसमोर बोलायला लावू नका. तिच्याशी आधी घरचं बोला, मग शाळेचं. तुझ्या तक्त्यांबद्दल मला लिहू नकोस.’

तक्त्यांबद्दल लिहीत नाही. मिरचीबद्दल लिहिते.

तपासणीच्या नावाखाली शाळेत गेले. तुझ्या वर्गात आता तिसरीची एक तुकडी बसते. भिंतीवरचे तुझे शब्दांचे तक्ते काढलेत, चिकटपट्टीचे चौकोन तेवढे राहिलेत. वर्गात बेचाळीस मुलं. मिरची शेवटच्या बाकावर, भिंतीच्या बाजूला. फळ्यावरचं सगळं उतरवून घेते, अक्षर असं की फोटो काढावा. बाईंनी विचारलं, ‘कळलं का सगळ्यांना?’ सगळ्यांनी हो म्हटलं, तिने मान हलवली. बाई मला म्हणाल्या, ‘ही? अहो, गुणाची पोर आहे. काही त्रास नाही. वर्गात आहे की नाही ते पण कळत नाही.’

कौतुकाने म्हणाल्या, ताई. राग आला असता तर बरं वाटलं असतं. बाई वाईट नाहीत. त्यांना बेचाळीस मुलं आहेत आणि आपल्या भाषेतला एक शब्द येत नाही.

वर्गाच्या बदल्यात जो जादा तास दिलाय ना, तोही बघितला. शाळा सुटल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, चार वर्गांची एकतीस मुलं एकत्र. शिकवायला आलेला मुलगा कॉलेजात शिकतो. तो कागदावरून वाचून दाखवतो, मुलं जांभया देतात. मिरची दप्तरावर डोकं ठेवून झोपली होती. उठवलं नाही. तुझ्या वर्गात काय व्हायचं ते मला आठवतंय. एकाने दुसऱ्याला धडा आधी घरच्या भाषेत समजावून सांगायचा, दुसऱ्याला पटला तरच दोघांनी मिळून तो शाळेच्या भाषेत सांगायचा. केवढा गोंगाट! आमचे साहेब एकदा दारातूनच परत गेले होते, ‘हा वर्ग आहे की बाजार’ म्हणत.

बाहेर आल्यावर तिच्याशी घरचं बोलले. तिने आधी इकडेतिकडे बघितलं. मग हळूच विचारलं, ‘ताईबाई कुठे गेल्या?’ तिच्यासाठी तू ताईबाई. मी म्हटलं, दुसऱ्या गावी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसतात. म्हणाली, ‘तिथे काय शिकवतात?’

घुमी


१७ मार्च

ताई,

तक्त्यांबद्दल लिहू नकोस म्हणालीस. हे पत्र तक्त्यांबद्दलच आहे. नको असेल तर इथेच फाडून टाक.

अजून वाचतेयस ना? बरं.

काल मोठ्या शाळेत गेले होते. तुझी मुलं चौथीनंतर जिथे जातात तीच. पुढच्या वर्षीच्या पाचवीच्या प्रवेशाला आमच्या कार्यालयाचं कुणीतरी समोर लागतं, मला पाठवलं. दाखले लिहिणाऱ्या बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. बाई एकदम मोकळ्या, हसऱ्या, टेबलाच्या खणात गोळ्यांची बरणी, येणाऱ्या प्रत्येक मुलाला एक गोळी. मुलगा आला की विचारतात, ‘काय रे, नाव काय? कुठून आलास? जेवलास का?’ आणि तो बोलत असतानाच फॉर्म भरत जातात.

फॉर्मचा सातवा रकाना म्हणजे घरी बोलली जाणारी भाषा. तुझ्या शाळेतली एक मुलगी आली, खाणीजवळच्या वस्तीतली, आपल्याच गल्लीतली म्हण ना. तिने टकाटक उत्तरं दिली. बाईंनी सातव्या रकान्यात शाळेची भाषा लिहिली. मी म्हटलं, ‘बाई, हिच्या घरी ही भाषा बोलत नाहीत.’

‘अहो, इतकं छान बोलते की!’

‘पण घरी…’

‘घरचं मला काय माहीत? मी कानांनी ऐकते ते लिहिते. एवढी हुशार पोर, तिला “इतर”मध्ये टाकू? तिचाच अपमान नाही का तो?’

त्यानंतर एक मुलगा आला. खाली मान, एक शब्द नाही. त्याच्याही हातावर गोळी ठेवली आणि सातव्या रकान्यात लिहिलं, ‘इतर’.

मी विचारलं, ‘हे कधीपासून असं?’

‘मी आले तेव्हापासून. अकरा वर्षं झाली.’

ताई, कळलं का तुला? मी सहावीची जी यादी मागवली होती ती ‘इतर’ मुलांची होती. जी बोलू लागली ती त्या यादीतून गेली. तुझ्याकडून जी तयार होऊन आली ती ‘बाकीच्यांच्यात’ मोजली गेली. त्यांचे गुण आपल्यात नाहीत, समोरच्या बाजूला पडले. तू जेवढं चांगलं शिकवशील, तेवढी माझ्या तक्त्यात तफावत वाढणार. तू शंभरातल्या नव्याण्णव मुलांना पुढे आणलं असतंस, तरी यादीत जे कुणी उरलं असतं ते मागेच दिसलं असतं.

बाईंचा फार राग यावा असं मनात होतं. येईना. जाताना त्यांनी मला पण गोळी दिली.

घुमी


२५ मार्च, प्रवेशाच्या फॉर्मच्या पाठीवर

ताई,

कोरा कागद नव्हता. फॉर्म होता, म्हणून आधी पुढची बाजू भरली. माझ्यासाठी.

नाव: घुमी. हे तू ठेवलेलं. पहिलीत वर्षभर मी बोलले नाही म्हणून. वडिलांचा व्यवसाय: दगड फोडणे. आधीच्या शाळेचा शेरा: मंद. शेजारी कोण बसायचं: मोठी बहीण, स्वतःचा वर्ग सोडून, रोज छडी खाऊन. (असा रकाना नाही, मी वाढवला.) घरी बोलली जाणारी भाषा:

इथे थांबले. कारण नोकरीच्या अर्जावर हाच रकाना मी भरला होता, आणि तिथे माझ्या शेजारी कुठली हसरी बाई बसली नव्हती. मीच शाळेची भाषा लिहिली. मलाही कुणी विचारू नये असं वाटलं होतं.

आता दुसरं. पहिल्या पत्रात लिहिलं, वर्ग समितीने बंद केला. खरं आहे. पण समितीपुढे जो कागद गेला त्याच्या शेवटी एक वाक्य होतं: ‘घरच्या भाषेतील वर्गाचा उपयोग सहावीपर्यंतही दिसून येत नसल्याने तो बंद करून जादा तास सुरू करावा.’ ते वाक्य साहेबांचं नाही. साहेबांनी ‘विचार व्हावा’ एवढंच लिहायला सांगितलं होतं. ‘बंद करून’ मी लिहिलं. मला वाटलं, आपल्याच माणसाने स्पष्ट बोललं तर पक्षपात केला असं कुणी म्हणणार नाही.

हे तुला माहीत होतं का? त्या दिवशी तुझ्या तोंडावरून वाटलं होतं, माहीत असावं.

गेले आठ दिवस तू सहा वर्षांत शिकवलेल्या मुलांना शोधतेय. मोठ्या शाळेत गेल्यावर मुलाला नवा नंबर मिळतो, जुना कुठे जोडलेला नाही, म्हणून जन्मतारीख आणि बापाचं काम बघून एकेक हाताने जुळवलं. एकशे बारा मुलं निघाली. त्यातली एकाहत्तर ‘बाकीच्यांच्यात’ गेलेली. एक्केचाळीस ‘इतर’. सगळ्यांना परत एकत्र केलं, आणि ताई, सहावीत तुझ्या मुलांची सरासरी साठ आहे. बाकीच्यांची त्रेसष्ट.

तीन गुण. बावीस नाही, एकोणतीस नाही. तीन.

टेबलावर डोकं ठेवून बसले. शिपाईकाका म्हणाले, ‘काय गं, बरं नाही का?’ मी म्हटलं, बरं आहे, तेच तर.

घुमी


८ एप्रिल

ताई,

तुझ्या कार्डावर ह्या खेपेला पाच ओळी! त्यातली एक तर जवळजवळ गोड होती. ‘वाक्य तुझं आहे हे मला माहीत होतं. तुझी वाक्यं मी पहिलीपासून ओळखते.’ चार वेळा वाचली.

आता ऐक. साहेबांपुढे सगळं मांडलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तक्ता तीनदा बघितला. म्हणाले, ‘म्हणजे दहा महिन्यांपूर्वी तू मला जे दिलंस ते चूक होतं?’

‘हो.’

‘आणि त्यावर मी सही केली.’

‘हो.’

‘आपल्याच कार्यालयाचं नाक कापायला निघालीस तू. पण कापतेस मोठं व्यवस्थित हं.’ मग चहा मागवला. दोन कप. म्हणाले, ‘अठरा तारखेला समिती आहे. तूच मांड. माझ्या तोंडून ते पाठ केल्यासारखं वाटेल.’

अठराला, ताई! मी तीन गोष्टी मागणार आहे. तुझा वर्ग जूनपासून परत. तसेच वर्ग अजून चार शाळांत, तिथल्या बाईंना तू शिकवायचं. आणि मुलाचा एकच नंबर पहिलीपासून शेवटपर्यंत, म्हणजे ते कुठेही गेलं तरी कुठून आलं ते पुसलं जाणार नाही. साहेबांनी तिन्हीपुढे बरोबरच्या खुणा केल्यात.

तू विचारलंस, ‘नक्की का?’ तिथे तुला कायम करायची वेळ आलीय, एकदा सोडलं तर ती खिडकी परत मिळणार नाही, हे कळतंय मला. तरी सांगते, नक्की. आकडा आपल्या बाजूने आहे. सामान बांधायला घे.

घुमी


१९ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड सतरा तारखेला आलं. समितीच्या आदल्या दिवशी. ‘राजीनामा दिला. मिरचीला सांग.’ मी ते कार्ड फायलीत ठेवून आत गेले. धीर यावा म्हणून.

कसं झालं ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर तुला वाटेल मी गप्प बसले.

नऊ जण. लांब टेबल. मी सगळं मांडलं. सातवा रकाना समजावला, दाखलेवाल्या बाईंना कुठेही दोष न देता. माझी चूक माझी म्हणून सांगितली. शेवटी तो आकडा. साठ आणि त्रेसष्ट. मग अध्यक्षांनी विचारलं, ‘म्हणजे तफावत फक्त तीन गुणांची?’

‘ह्या मुलांची, हो.’

त्यांनी टाळी वाजवली. खरंच वाजवली, ताई. मग सगळ्यांनी. मला वाटलं, झालं! मी हसलेसुद्धा.

टोकाला बसलेले एक डॉक्टर म्हणाले, ‘मग खास वर्गाची गरजच काय?’

मी म्हटलं, ‘तफावत कमी आहे ती त्या वर्गामुळे. ही मुलं त्याच वर्गातली आहेत.’

‘तिसरीत तर मागे होती ना?’

‘हो. घरच्या भाषेतून शिकायला सुरुवातीला वेळ लागतो. सहावीत फळ दिसतं.’

‘म्हणजे सहावीपर्यंत आपोआप भरून निघतं.’

‘आपोआप नाही…’

‘बाकीच्या शाळांत असा वर्ग नव्हता. तिथली मुलं मोजलीत?’

‘नाही. हाताने जुळवावं लागतं. वेळ नव्हता.’

‘तिथेही रकान्याची हीच चूक असणार?’

‘असणार.’

‘मग तिथेही तफावत नसेलच.’

मी म्हटलं, असेल. त्यांनी विचारलं, कशावरून. माझ्याकडे तक्ता नव्हता, ताई. खाली सही केलेला आकडा असल्याशिवाय काही बोलायचं नाही, अशी सवय मी स्वतःला इतकी वर्षं लावलीय. मी म्हटलं, ‘माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, ती दहा महिने शाळेत बोललेली नाही.’ अध्यक्ष छान हसले. म्हणाले, ‘अहो, तुम्हीच तर सांगितलंत, एकेका मुलावरून ठरवू नये.’ सांगितलं होतं. गेल्या वर्षी. तुझ्याच वर्गाबद्दल, एका आईचं पत्र त्यांनी वाचून दाखवलं तेव्हा.

मी उभीच राहिले. अजून दोनदा बोलले. दुसऱ्यांदा आवाज चढला. साहेबांनी माझी बाही ओढली.

ठरलं ते असं. वर्ग परत सुरू करायचा नाही. जादा तासही बंद, कारण ज्या तफावतीसाठी तो होता ती नाही. आणि अशी चूक पुन्हा होऊ नये म्हणून फॉर्ममधला सातवा रकाना काढून टाकायचा.

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, ‘जादा बोललीस. पण चूक दाखवलीस ती बरोबर. आता चूक व्हायला जागाच उरली नाही.’ ते टोचून बोलत नव्हते. थकले होते.

रकाना नाही म्हणजे काय, ते रात्रभर मनातून जाईना. मिरची सहावीत जाईल तेव्हा ती कुठल्याच यादीत नसेल. ती मागे पडली तर पडली हे कुणाला दिसणार नाही. मलासुद्धा नाही. मी आकड्यांवाली, आणि मोजायला माझ्याकडे काही नसेल.

तुला लगेच फोन केला. तू उचलला नाहीस. मग परत, आज सकाळी. खरंच सामान बांधत असशील.

घुमी


२३ एप्रिल

ताई,

आधीचं पत्र अजून मिळालं नसेल, किंवा दोन्ही एकदम मिळतील. हे आधी वाच. येऊ नकोस. वर्ग नाही. बाकी सगळं त्या पत्रात आहे. ते बसून वाच.

मोठ्या शाळेला नवे फॉर्म छापून गेले. दाखलेवाल्या बाईंचा फोन आला होता, ‘बरं झालं बाई, एक रकाना कमी झाला, पोरांना उगाच वेगळं वाटायचं.’ मी हो म्हटलं.

तू सांगितलंस म्हणून काल मिरचीकडे गेले. तू येणार हे तिला अजून सांगितलं नव्हतं, एवढं तरी बरं झालं. तू येणार नाहीस एवढंच सांगायचं होतं. ती दारात बसून गृहपाठ करत होती. मी आपल्या भाषेत विचारलं, काय करतेस. तिने उत्तर दिलं शाळेच्या भाषेत, एक अख्खं वाक्य, कुठेही न अडखळता: ‘मी माझा अभ्यास करत आहे.’ तिच्या आईचा चेहरा असा फुलला! ‘बघितलंस? झाली ना सवय!’

मी परत घरचं बोलले. परत तेच वाक्य, त्याच सुरात. वहीत बघितलं. धडा सुंदर उतरवलाय, खालचे पाचही प्रश्न उतरवलेत, उत्तरांच्या जागा कोऱ्या. मी बोट ठेवून विचारलं, ह्याचं उत्तर काय गं? तिने प्रश्नच पुन्हा मोठ्याने वाचून दाखवला. आई अजून हसत होती. तिला वाचता येत नाही.

पोरीला भूगोल समजावून देते म्हणून तासभर बसले. तुझ्यासारखं जमत नाही मला. मी समजावत होते ते तिला पटतंय की ती नुसती मान हलवतेय, हे मला ओळखू येईना.

ताई, माझ्यावर चिडायचं ते नंतर निवांत चीड. आत्ता एक कर. दवाखान्यात तुझ्याबरोबर काम करणाऱ्या मावशींनी आईला फोनवर सांगितलं, राजीनामा तीस तारखेपर्यंत मागे घेता येतो. आजच जा. तुझ्या तिथल्या साहेबांना माझं काही सांगू नकोस, वर्गाचं सांगू नकोस. अर्ज साधा कर, दोन ओळींचा. घरी अडचण होती, ती मिटली, एवढंच लिही. ते कारण विचारत नाहीत.

घुमी